एक नंबर कोणत्या बाजूचा

"मी कोनावर शक करत नई, मी फक्त खूण करी ठेवस," असं कोकिळाबाई एकदा म्हणाल्या होत्या.

दिपमाला तेव्हा लग्न होऊन शिरपूरच्या त्या घरात नुकतीच आली होती. स्वयंपाकघरात हळदीच्या डब्याशेजारी लाल नेलपॉलिशची बाटली पाहून तिला वाटलं होतं, सासूला हौस दिसते. पण बाईंच्या नखांना तो रंग कधी लागला नाही. तो लागायचा दळणाच्या डब्याच्या बुडाला, दुधाच्या किटलीच्या कानाला, दुरुस्तीला निघालेल्या मिक्सरच्या भांड्याला, मळ्यातल्या मोटारीच्या स्टार्टरला. वस्तू घराबाहेर निघाली की तिला टिकली लागायची. परत आली की कोकिळाबाई ती दारात उजेडाला धरून टिकली शोधायच्या, आणि टिकली सापडली की त्यांचा चेहरा किंचित पडायचा. दिपमालाला हे फार उशिरा कळलं, की टिकली जागेवर असणं बाईंना आवडत नाही. ती नसती, तर बाहेर गेलेली वस्तू बदलली जाते हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

हे असं का, ते सासऱ्यांनी, पुना आबांनी, तिला एकदा ओट्यावर शेंगा सोलताना सांगितलं. कोकिळाबाई नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांच्या माहेरचा तांब्याचा हंडा कल्हईला गेला आणि त्याच्या जागी दुसराच परत आला. दिसायला तसाच, पण पत्रा पातळ. त्या म्हणत राहिल्या, हा माझा नाही. सासू म्हणाली, नव्या नवरीला माहेरचं भूत लागलं. जावा हसल्या. कल्हईवाल्याने देवाची शपथ घेतली. "आन् मी बी हसनू," आबा म्हणाले, आणि शेंगेचं टरफल बराच वेळ बोटांत फिरवत राहिले. "तवापासून ती टिकली लावस."

गावात बाईंची चेष्टा व्हायची, पण त्यांना वचकूनही असत. एका लग्नात त्यांनी आहेराच्या खणाच्या कोपऱ्यात बारीक टाका घालून ठेवला होता. तो खण भाऊबंदांच्या किती घरांतून फिरला देव जाणे, पण पुढे एका मुंजीत तो त्यांच्याच ओटीत परत आला. बाईंनी भर मांडवात टाका दाखवला. सगळ्या बायका हसून लोटपोट झाल्या. कोकिळाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एकेका बाईकडे पाहून तो खण कोणकोणत्या हातांतून गेला असेल ते मनाशी लावून घेतलं, आणि त्यानंतर दोन घरांचं जेवण टाळलं.

अशा घरात राहून माणसाचं काय होतं, ते बाहेरच्याला कळत नाही. सुरुवातीला दिपमालाला वाटे, आपल्यावर नजर आहे. लोणच्याच्या बरणीचं फडकं तिने बांधलं तर गाठ सासूची नव्हती हे दुसऱ्या दिवशी कळत असे. मग ती सासूसारखी गाठ बांधायला शिकली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण काही न चोरताही चोराची हुशारी शिकलो. पुढे पुढे तर तीही नकळत बघू लागली. कपाटाची किल्ली ठेवली तशीच आहे का, भूषणच्या फोनचा पडदा ती आल्यावर काळा का झाला. भूषण तिचा नवरा, साधा माणूस, ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवणारा. त्याच्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी ती बघायची.

गाडी घेतली ती भूषणने सुरतहून, जुनी, डिझेलची. इकडे रस्त्यावर फारशा न दिसणाऱ्या एका कंपनीची. चैत्र लागता लागता तिचं इंजिन लंगडायला लागलं. थांबलेली असताना सगळी गाडी थरथरायची, आरशात मागचा रस्ता हलायचा. शिरपुरातल्या एका माणसाकडे संगणकाचं यंत्र होतं. त्याने ते गाडीला जोडलं आणि सांगितलं, एक नंबरचा सिलेंडर मिस करतोय, पेटत नाही. नोझल गेलं. म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारा भाग. तो बदलायचं काम मात्र त्याच्याकडे होत नव्हतं.

ते काम करणारा माणूस घरातलाच होता. दिपमालाचा थोरला भाऊ ज्ञानेश्वर, जळगावला अजिंठा चौफुलीजवळ गॅरेजच्या गल्लीत त्याचं शेड. हात ट्रॅक्टर आणि जीपवर बसलेला, पण कारही करायचा.

"घरना माणूस," कोकिळाबाई म्हणाल्या. "घरना माणूसले तर दोन टिकल्या जास्त."

गाडी निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी भूषणला बॉनेट उघडायला लावलं, इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढायला लावलं आणि चारही नोझलांच्या डोक्यांवर टिकल्या लावल्या. एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. गाडीसमोर उभं राहून त्यांनी उजव्या हाताकडून सुरुवात केली. या घरात ओवाळायचं उजवीकडून, पंगतीत वाढायचं उजव्या टोकापासून, मोजायचंही तसंच. दिपमाला झाकण हातात धरून शेजारी उभी होती. लाल ठिपके वाळेपर्यंत बाई त्यांच्यावर फुंकर घालत होत्या, बाळाच्या डोळ्यात काही गेल्यावर घालावी तशी.

"तुना भाऊले फोन लाव," त्या म्हणाल्या. "सांग, एक नंबर बदल. बाकी तिन्हींना हात लावू नको म्हणावं. हात लावला की वस्तू बदलते."

दिपमालाने अंगणात जाऊन फोन लावला. टिकल्यांचं तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भावाला सावध केल्यासारखं झालं असतं, आणि सावध करायचं म्हणजे मनात काहीतरी आहे असं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, एक नंबर सोडून दुसऱ्या कशाला बोट लावू नकोस. माझी शपथ आहे तुला."

"अगं, पण चालू करून बघावं लागतं ना, एकेक प्लग काढून..."

"नको. शपथ घातली ना."

"बरं बाई," ज्ञानेश्वर हसला. "आखाजीला मीच येतोय मुराळी म्हणून. तेव्हा सांगेन तुझ्या सासूला, बघा, हात कसे स्वच्छ आहेत."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात त्या सणाला लेक माहेरी जाते, आणि तिला न्यायला भाऊ मुराळी होऊन येतो. लिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. भर वैशाखात, जमीन तव्यासारखी तापलेली असताना, वर्षातले तेवढे दिवस दिपमाला कुणाच्याही नजरेखाली नसायची. ती वर्षभर त्या दिवसांवर जगायची.

गाडी गेली आणि परत आली. परत आली तेव्हाही थरथरत होती. ज्ञानेश्वरने भूषणला सांगितलं होतं, "पाव्हणे, एक नंबर बदललंय, पण थरथर अजून गेलेली नाही. पाइपात हवा असेल. थोडी चालवा. नाहीच गेली तर बाकीची बघू, पण अक्कांना, तुमच्या आईंना विचारून."

भूषण हातपाय धुवायला गेला. कोकिळाबाईंनी पदर खोचला आणि बॉनेटपाशी गेल्या. दिपमाला स्वयंपाकघरात होती. तिला हाक आली.

"ये. मोज."

दिपमालाने पाहिलं. उजव्या टोकाला एक टिकली असलेलं नोझल जिथल्या तिथे होतं. दोन टिकल्या होत्या. तीन होत्या. डाव्या टोकाला चार टिकल्यांच्या जागी एक कोरं नोझल बसलेलं होतं, धुऊन पुसून चकचकीत केलेलं.

"खराब कोणतं होतं?"

"एक नंबर."

"ते कुठे शे?"

दिपमालाने बोट दाखवलं.

"आन् चांगलं कुठे गेलं?"

जुनं नोझल त्याने परतही दिलं नव्हतं. खराब होतं ते गाडीत ठेवलं, चांगलं काढून घेतलं. बाईंनी ते मोठ्याने म्हटलंसुद्धा नाही. झाकण हलकेच आपटून बंद केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आखाजीले मुराळी नको. तुना भाऊनी आठे पाय ठेवू नये. आन् तू बी तठे जाऊ नको. ज्या घरात असा हात शे, तठे माझी सून झोका खेळणार नई."

भूषण टॉवेलने तोंड पुसत आला. म्हणाला, "माय, काहीतरी चूक झाली असेल."

"चूक चांगल्याच वस्तूवर बरी जास रे नेमकी."

आबा ओट्यावरून उठून आत गेले. एकदा हसून बसले होते ते, पुन्हा या बाबतीत तोंड उघडत नसत.

त्या संध्याकाळी दिपमाला भांडी घासत बसली होती आणि तिच्या डोक्यात भावाचा चेहरा फिरत होता. तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तिला तिची शाळेची सायकल आठवत होती. त्या सायकलचा डायनमो एक दिवस बदललेला निघाला होता, दिवा मिणमिणता लागायला लागला होता. ज्ञानूदादाने आईसमोर नाही म्हटलं होतं, पण त्याच्या पंख्याच्या खटपटीत तो डायनमो तिने स्वतः पाहिला होता. पोरपणची गोष्ट. तेव्हा ती त्यावर हसलीसुद्धा होती. आता ती आठवण कुणीतरी लाल ठिपका लावून ठेवल्यासारखी डोळ्यांपुढे येत होती. सासूने त्याला चोर म्हटलं याचं दुःख होतंच. पण आपणही त्याला सासूच्याच डोळ्यांनी बघतोय, याची तिला भीती वाटली. ती भीती तिने कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने भूषणला सांगितलं, "गाडी घेऊन जाऊ. आत्याबाईंनाही घेऊन. त्यांच्यासमोर होऊ दे काय ते." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

बाई लगेच तयार झाल्या. त्या अशा ठिकाणी जायला नेहमीच तयार असत.

चोपड्यावरून जळगावपर्यंत गाडी ठेचकाळत गेली. तापीच्या पुलावर नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त होती. मागच्या सीटवर दोघी एकेका खिडकीला. मधे पाण्याची बाटली.

ज्ञानेश्वर शेडच्या दारात आला, बहिणीला पाहून हसला आणि मग तिचा चेहरा पाहून हसू आवरलं. "या अक्का. बसा. चहा सांगतो."

"चहा नको."

"गार काही?"

"काहीच नको. बॉनेट उघड."

शेजारच्या पंप-नोझलच्या दुकानातून धनसिंग डोकावला. त्याचं सगळं आयुष्य या गल्लीतल्या भानगडी ऐकण्यात गेलेलं. "काय ज्ञानूभाऊ, बहिणीकडचे पंचनाम्याला?"

"तू गप रे," ज्ञानेश्वर म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले.

बाईंनी बॉनेटखाली बोट घातलं. "हे एक. हे दोन. हे तीन. चार कुठे शे?"

ज्ञानेश्वरने ठिपक्यांकडे पाहिलं. "हे तुम्ही लावलेत? मला वाटलं, आधीच्या कुणा मेकॅनिकची खूण आहे." मग तो बहिणीकडे वळला. "तुला माहीत होतं?"

दिपमालाने मान खाली घातली. त्याने पुन्हा विचारलं नाही. हे तिला जास्त लागलं.

"एक नंबर बदलायला सांगितला," बाई म्हणाल्या. "तू चार काढला. जो चांगला होता तो. बोल."

"मी एक नंबरच काढला, अक्का."

"माझ्या डोळ्यांसमोर शे ना हे!"

"मी पट्ट्याकडून मोजतो. जीप घ्या, ट्रॅक्टर घ्या, पुढे पंखा, पंख्याजवळचा एक नंबर. या गाडीत इंजिन आडवं आहे, म्हणून पंख्याऐवजी पट्टा धरला. पट्टा या टोकाला. म्हणून एक नंबर हा." त्याने डाव्या टोकावर बोट ठेवलं.

"मग माझा चार तुझा एक," बाई म्हणाल्या. "भारी सोयीचं मोजणं शे तुनं."

धनसिंग हसला. ज्ञानेश्वरने कपड्याला हात पुसले, पुन्हा पुसले. "अक्का, तुम्ही परवानगी द्या. मी चारींना हात लावतो, तुमच्यासमोर. काहीही काढत नाही. फक्त वायरचा प्लग उपसतो आणि परत लावतो. जिवंत सिलेंडरचा प्लग काढला की इंजिन आणखी लंगडेल. मेलेल्याचा काढला तर त्याला कळणारही नाही. मग कोणतं मेलंय ते इंजिनच सांगेल."

बाईंनी क्षणभर विचार केला. "लाव हात."

भूषणने चावी फिरवली. इंजिन खडखडू लागलं. ज्ञानेश्वरने आधी पट्ट्याकडचं, नवं बसवलेलं टोक धरलं. प्लग काढताच गाडी जोरात हिसकली. लावला, सावरली. शेजारचं काढलं, तसंच. त्याच्या पलीकडचं काढलं, तसंच. कोकिळाबाई इतक्या वाकल्या होत्या की त्यांच्या पदराची किनार गरम लोखंडाला लागत होती. मग त्याने उजव्या टोकाचा, एका टिकलीचा प्लग काढला.

काहीच झालं नाही. इंजिन जसं लंगडत होतं तसंच लंगडत राहिलं.

ज्ञानेश्वर प्लग हातात धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्याने शिरपूरच्या त्या यंत्रवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "भाऊ, त्या गाडीचा एक नंबर म्हणजे कोणत्या बाजूचा?"

"गिअरबॉक्सकडचा," पलीकडून आवाज आला. "ही कंपनी उलटं मोजते. का हो, तुम्ही पट्ट्याकडून धरला काय?" आणि तो माणूस खुशाल हसला.

फोन बंद झाला. गल्लीत कुठेतरी पत्रा ठोकणं चालू होतं.

"चूक माझी," ज्ञानेश्वर म्हणाला. "चांगलं नोझल काढलं, मेलेलं ठेवलं. माझ्या अज्ञानाने. पण चोरलं नाही."

"मग ते गेलं कुठे?"

"जुनं देऊन दुरुस्त केलेलं बदली घेतात अक्का, या धनसिंगकडून. दुरुस्त केलेलं तुमच्या गाडीत, जुनं त्याच्याकडे."

धनसिंग आत गेला आणि तेलकट पत्र्याच्या डब्यातून ते घेऊन आला. चार लाल ठिपके. "हेच का? मी म्हटलं, कुणी नोझलाला टिकल्या लावून नवरीगत नटवलंय. म्हणून अजून उघडलंच नाही, लग्नाची वाट बघत होतो."

कुणी हसलं नाही. बाईंनी ते हातात घेतलं, उजेडाला धरलं. टिकल्या त्यांच्याच होत्या. दिपमाला सासूच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तो चेहरा थोडा पडला, नेहमी पडायचा तसा.

"ही प्लग काढून बघायची रीत," भूषणने विचारलं, "आधीच का नाही केली? वेळ तर काहीच लागला नाही."

ज्ञानेश्वर हातातला पान्हा पुसू लागला. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे तिला कळलं.

"मी नको म्हणाले होते," दिपमाला म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आत्याबाई म्हणाल्या, तिन्हींना हात लावू नको म्हण. मी वरून शपथ घातली. त्याने हात लावला असता तर त्याला लगेच कळलं असतं."

बाईंनी मान वर केली.

काम व्हायला दुपार कलंडली. चार टिकल्यांचं नोझल त्याच्या जागी परत गेलं. धुतलेलं कोरं नोझल मेलेल्याच्या जागी बसलं. एका टिकलीचं धनसिंगने डब्यात टाकलं. कोकिळाबाई सगळा वेळ लोखंडी खुर्चीवर ताठ बसून प्रत्येक स्क्रूकडे बघत होत्या. समोर कुणीतरी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

भूषणने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि आवाज एकसारखा, सपाट, पाणी ओतल्यासारखा येऊ लागला. आरसा थरथरायचा थांबला. ज्ञानेश्वरने बॉनेट लावलं आणि त्यावर दोन्ही पंजे टेकून उभा राहिला. तो वाट बघत होता. भूषणही वाट बघत होता. धनसिंगसुद्धा दुकानाच्या पायरीवर आला होता. आखाजीला येऊ नको हा शब्द बाईंचा होता, तो मागे घ्यायचाही त्यांनीच होता. चोर नव्हे एवढं म्हणायची गरज नव्हती. ये, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

कोकिळाबाई म्हणत नव्हत्या. त्या बंद बॉनेटकडे बघत होत्या, जणू त्याच्याखाली अजून एखादा सिलेंडर असेल, ज्याचा नंबर अजून कुणी सांगितलेला नाही.

दिपमाला वाट बघून थकली. तिच्या मनात आलं, हा शब्द येईल तेव्हा येईल, किंवा येणारच नाही. तोवर आपणही भावाकडे त्या डायनमोच्या आठवणीतूनच बघत राहायचं का. ती पुढे झाली. तिने सासूकडे तोंड केलं नाही, नवऱ्याकडेही नाही.

"दादा," ती म्हणाली, "आखाजीला मला न्यायला ये. उजाडताच ये, म्हणजे ऊन लागणार नाही. मी तयार असेन."

ज्ञानेश्वरने आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या मागे बसलेल्या बाईंकडे. "येऊ ना अक्का?"

खुर्ची वाजली. कोकिळाबाई उठल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, ज्ञानेश्वरकडे पाहिलं. त्या नजरेत हो होतं की हिशेब होता, ते दिपमालाला कळलं नाही, आणि ती शोधायलाही गेली नाही. बाईंनी पदर डोक्यावर ओढला, पिशवी काखेत घेतली आणि शेडच्या उंबऱ्यावरून एक शब्दही न बोलता बाहेर उन्हात निघून गेल्या.